सेल मारला की इग्निशनच पडतं: घरी बनवलेल्या बिनचावीच्या यंत्रणेतला हटकून येणारा बिघाड

कार्ड दाखवलं, डॅशबोर्डचे दिवे लागले, इंधनपंप घुरघुरला, बटण दाबलं. स्टार्टरने अर्धवट हिसका दिला आणि सगळं गप्प. रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) पडल्याचा टक्‌ आवाज, दिवे गायब, आणि सेकंदभराने रीडरचा दिवा नव्याने लागतो. पुन्हा कार्ड, पुन्हा बटण. कधी गाडी चालू होते, कधी नाही. गारठ्यात हमखास नाही, इंजिन गरम असताना बिनतक्रार. टेबलावर अडॅप्टर लावून तपासलं तर तासन्‌तास एकही चूक नाही.

म्हणून बहुतेक जण कोडमध्ये शिरतात. डिले वाढवतात, लायब्ररी बदलतात, रीडर बदलतात. यातल्या कशाचाही सहसा उपयोग होत नाही, कारण दोष कोडमध्ये नसतो.

मांडणी साधारण अशी धरतो: आरसी५२२ रीडर (रेडिओ लहरींनी कार्ड वाचणारा), आर्डुइनो नॅनो किंवा तसाच एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (कोड चालवणारी छोटी चिप असलेला), अॅक्सेसरी, इग्निशन आणि स्टार्टर यांचे तीन रिले, एक पुश बटण. गाडी स्वतःची, आणि तिच्यात कंपनीचा इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर तो जागच्या जागी शाबूत. त्याला बगल देण्याच्या भानगडीत मी इथे शिरत नाही.

नेमकं काय होतं

थांबलेली स्टार्टर मोटर फिरायला लागते त्या क्षणी ती बॅटरीला जवळजवळ शॉर्टसारखीच दिसते. दुचाकीतही पन्नास-शंभर अँपिअर, मोटारीत कित्येकशे. १२.६ वोल्टची भरलेली बॅटरी त्या धक्क्याने ८-९ वोल्टपर्यंत येते, आणि थंड किंवा म्हातारी बॅटरी असेल तर ६ च्या आसपासही. हा खड्डा काही मिलिसेकंदांचा, फार तर काही दशक मिलिसेकंदांचा. मोटर फिरू लागली की विजेचा दाब (वोल्टेज) साडेनऊ-दहावर येऊन प्रत्येक कॉम्प्रेशनला हलका डुलत राहतो.

साध्या मल्टिमीटरला हा खड्डा दिसतच नाही. तो सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, तोही सरासरी काढून. मीटरवर १०.२ दिसतात, माणूस म्हणतो ‘बॅटरी तर ठीक आहे’, आणि शोध चुकीच्या दिशेला जातो. दरम्यान बोर्डाचा ५ वोल्टचा पुरवठा कोसळलेला असतो, मायक्रोकंट्रोलर रिसेट झालेला असतो, त्याच्या सगळ्या पिना इनपुट होऊन बसतात आणि त्यांच्या जिवावर धरलेला इग्निशन रिले सुटतो. स्टार्टरचा रिलेही त्याच वेळी सुटतो, भार जातो, बॅटरी लगेच सावरते. बोर्ड परत उठतो तेव्हा पुराव्यादाखल काहीच शिल्लक नसतं.

आधी खात्री करा

सर्वांत सोपी चाचणी: बोर्डाचा गाडीकडून येणारा पुरवठा काढा आणि त्याला यूएसबीतून पॉवर बँक लावा. अर्थ मात्र गाडीशी जोडलेली राहू द्या, नाहीतर रिले चालणारच नाहीत. आता सेल मारा. त्रास नाहीसा झाला तर दोष पुरवठ्याचा, वाद संपला. (काही पॉवर बँका कमी करंट दिसला की स्वतःच झोपी जातात. तसं झालं तर तो नवा बिघाड समजून गोंधळू नका.) त्रास तसाच राहिला तर अर्थिंग किंवा वायरींतून येणारा गोंगाट तपासावा लागेल, त्याकडे पुढे येतो.

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तर दुसऱ्या एका बोर्डालाच मापक बनवा: बॅटरीच्या प्लसकडून ३३ किलोओम, अर्थकडे १० किलोओम, मधला सांधा अॅनालॉग पिनवर. २० वोल्ट आले तरी पिनवर ४.७ च्या आतच राहतात. नॅनोचं एक अॅनालॉग वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं, म्हणजे खड्डा निसटत नाही. लूपमध्ये फक्त सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवायचा आणि सेल मारून झाल्यावर छापायचा. हा मापक बोर्ड बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला जोडा, चार्जर काढून ठेवा.

तिसरा साक्षीदार चिपच्या आतच असतो. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचा रजिस्टर असतो. शेवटचा रिसेट वीज आल्याने झाला, दाब पडल्याने, वॉचडॉगने (कोड अडकला तर चिप रिसेट करणाऱ्या टायमरने) की रिसेट पिनने, हे त्याचे चार बिट सांगतात. सुरुवातीलाच तो वाचून दिवा तेवढ्या वेळा लुकलुकवा: वीज आल्यास एकदा, दाब पडल्यास दोनदा, वॉचडॉग असल्यास तीनदा. काही बूटलोडर (यूएसबीतून कोड टाकू देणारा चिपमधला छोटा प्रोग्रॅम) हा रजिस्टर तुमच्या कोडआधीच पुसून टाकतात. दरवेळी शून्यच दिसत असेल तर बूटलोडरशिवाय, प्रोग्रॅमरने कोड टाका.

हे सगळं करण्याआधी एकच गोष्ट बघून घ्या: बोर्डाला वीज कुठून घेतली आहे? अॅक्सेसरीच्या वायरीतून घेतली असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. सेल मारताना अॅक्सेसरी लाइन मुद्दाम तोडली जाते, म्हणजे पंखा, रेडिओ वगैरेंची वीज स्टार्टरच्या वाट्याला येते. कंपनीच्या इग्निशन स्विचमध्येही हेच होतं. बोर्डाची वीज थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, टर्मिनलजवळच स्वतःचा फ्यूज टाकून घ्यायची.

पुरवठा

७८०५ या साध्या रेग्युलेटरला (दाब स्थिर ठेवणाऱ्या चिपला) ५ वोल्ट द्यायला आत किमान ७ लागतात. साडेसहा आले की बाहेर साडेचार. नॅनोच्या व्हीआयएन पिनला थेट गाडीची वायर जोडणं त्याहून वाईट. अनेक बोर्डांवर तिथे १११७ जातीचा रेग्युलेटर असतो आणि त्याची मर्यादा १५ वोल्टच्या आसपास. अल्टरनेटर चालू असताना गाडीत १४.४ असतातच, वर हॉर्न आणि सोलेनॉइड सुटल्याचे झटके. तो किती दिवस टिकेल हा निव्वळ नशिबाचा भाग.

मी सुचवेन ती साखळी अशी: १ अँपिअरचा फ्यूज, मग ५ ओमचा जाडसर रेझिस्टर, मग अर्थकडे १८ वोल्ट स्टँडऑफचा (म्हणजे तिथपर्यंत गप्प बसणारा, त्यावर उसळलेला दाब अर्थकडे वळवणारा) दणकट टीव्हीएस डायोड, मग मालिकेत एक शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), मग २२०० मायक्रोफॅरड ३५ वोल्टचा कॅपॅसिटर, आणि शेवटी ५ वोल्टचा बक कन्व्हर्टर (जास्त दाब उतरवून ५ वोल्ट देणारा). बॅटरी कोसळली की शॉट्की उलटा होतो, त्यामुळे कॅपॅसिटरमधला साठा स्टार्टरकडे पळत नाही, बोर्डालाच मिळतो. पुष्कळ जण कॅपॅसिटर टाकतात आणि डायोड विसरतात. मग तो बिचारा कॅपॅसिटर स्टार्टर फिरवायला मदत करतो आणि बोर्ड उपाशी राहतो.

हिशेब अवघड नाही. बोर्ड आणि रीडर मिळून १०० मिलिअँपिअर धरा. कॅपॅसिटर ११.५ वरून ७ पर्यंत उतरू द्यायचा, म्हणजे साडेचार वोल्ट. ५० मिलिसेकंद तग धरायचा असेल तर ०.१ गुणिले ०.०५ भागिले ४.५, साधारण ११०० मायक्रोफॅरड. २२०० टाकले की दुप्पट सोय. रिलेच्या कॉइलना मात्र या कॅपॅसिटरवर टांगू नका. एकेक कॉइल दीडशे मिलिअँपिअर खाते, हिशेब क्षणात बुडतो. बॅटरी फारच खाली जाणारी असेल तर बकऐवजी बक-बूस्ट घ्या, तो बॅटरी ४-५ वोल्टवर आली तरी बाहेर ५ देत राहतो.

टीव्हीएस का, असं विचाराल. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल निसटलं तर लाइनवर शेकडो मिलिसेकंद मोठा दाब उसळतो, त्याला लोड डंप म्हणतात. टर्मिनल सैल असलेल्या गाडीत ही काल्पनिक गोष्ट नव्हे. बक कन्व्हर्टरच्या चिपांपैकी एलएम२५९६ ४० वोल्टपर्यंत सहन करतो, एमपी१५८४ फक्त २८. दिसायला छोटा आणि गोजिरा म्हणून दुसरा उचलू नका.

अर्धमेला बोर्ड

रिसेट होणारा बोर्ड त्रास देतो, पण तो प्रामाणिक असतो. रिसेट न होता भरकटलेला बोर्ड खरा धोकादायक. एटीमेगा३२८पीला १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला साधारण ३.८ वोल्ट लागतात. आणि नॅनोवर दाब पडल्याचा रिसेट बहुधा २.७ वोल्टला लावून येतो. मधल्या वोल्टभराच्या पट्ट्यात चिप चालू असते, पण ती काय करेल याची हमी नसते. इथेच ईईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपच्या स्मृतीतली) कार्डांची यादी बिघडते. ‘काल लावलेलं कार्ड आज ओळखत नाही’ ही तक्रार आणि सेल मारल्यावर होणारा रिसेट ही भावंडं आहेत, फक्त आपण त्यांना दोन वेगळ्या ठिकाणी शोधतो.

उपाय फ्यूज बिटमध्ये (प्रोग्रॅमरने बदलायच्या चिपच्या कायम सेटिंगमध्ये) आहे: ब्राउन-आउटची, म्हणजे दाब पडल्याच्या रिसेटची पातळी ४.३ वोल्टवर न्या. मग चिप अर्धमेली राहत नाही, सरळ रिसेट होते. सोबत वॉचडॉग चालू करा. जुन्या बूटलोडरच्या नॅनोवर वॉचडॉगने रिसेट झाला की बोर्ड कायमचा रिसेटच्या फेऱ्यात अडकतो, त्यामुळे नवा बूटलोडर टाका किंवा बूटलोडर काढूनच टाका.

खरा उपाय

इथवरचं सगळं केलं तर गाडी चालू होईल. तरीही मी हे पुरेसं मानत नाही. कारण मूळ चूक तशीच आहे: इग्निशन चालू राहणं हे बोर्ड जिवंत असण्यावर अवलंबून ठेवलं आहे. आज सेल मारताना पडला, उद्या चढणीवर, वळणावर पडेल. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. वॉचमनने कार्ड पाहून गेट उघडून द्यावं. गेट हाताने धरून दिवसभर उभं राहणं हे त्याचं काम नाही.

म्हणून इग्निशनचा रिले स्वतःचा स्वतः धरून राहील असा जोडा. चार पिनांचा गाडीचा नेहमीचा रिले घ्या: ३० आणि ८७ या त्याच्या संपर्काच्या पिना, ८५ आणि ८६ कॉइलच्या. ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वर इग्निशनची लाइन. ८७ वरून एक १एन४००७ डायोड ८६ कडे, पट्टा असलेलं टोक ८६ च्या बाजूला. ८५ अर्थला, पण थेट नव्हे. वाटेत एका छोट्या ऑफ रिलेचा एरवी बंद असणारा संपर्क आणि त्याच्याच मालिकेत, हाताला सहज लागेल असं, दाबलं की सुटणारं लाल बटण. बोर्डाने चालू करायचं म्हणजे दुसऱ्या छोट्या रिलेने ८६ ला २०० मिलिसेकंद १२ वोल्ट द्यायचे. मुख्य रिले ओढला गेला की ८७ वरून त्याच्याच कॉइलला वीज मिळत राहते आणि बोर्ड मोकळा. बंद करायचं म्हणजे ऑफ रिले ओढायचा.

तो डायोड शोभेचा नाही. ८७ आणि ८६ साध्या वायरीने जोडले तर चालू करण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत अख्ख्या इग्निशनचा भार त्या चिमुकल्या रिलेच्या संपर्कातून वाहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तो कार्बन धरतो किंवा चिकटतो. कॉइलवर आडवा आणखी एक १एन४००७ हवाच, पट्टा ८६ कडे.

सेल मारताना हा रिले पडणार नाही का? ओढायला त्याला साधारण ७-८ वोल्ट लागतात, पण एकदा ओढला की त्याच्या बऱ्याच खालीही धरून राहतो. तुमच्याकडच्या रिलेचा आकडा टेबलावर बदलत्या पुरवठ्याने काढा: हळूहळू खाली आणा, टक्‌ आवाज कधी होतो पाहा. सहाच्या वर सुटत असेल तर दुसरा घ्या. आणि कॉइल गरम करून पुन्हा मोजा, कारण तापलेली कॉइल लवकर हात टेकते.

आता बोर्डाला खरी परिस्थिती दिसायला हवी. ८७ वरून तोच ३३-१० चा विभाजक एका अॅनालॉग पिनला आणा. बोर्ड उठला की सर्वांत आधी हे वाचायचं: लाइनवर वीज आहे, तर ‘गाडी चालू आहे’ असं धरून गप्प बसायचं. कार्ड मागायचं नाही, स्टार्टरला हात लावायचा नाही. चालू-बंदची अवस्था ईईप्रॉममध्ये साठवून ठेवणं टाळा. बॅटरी काढून परत लावली आणि इग्निशन आपोआप लागलं, हा प्रकार त्यातूनच होतो.

आणि मग बंदच होत नाही

स्वतः धरणारा रिले लावला की हमखास येणारा पुढचा प्रश्न. बंदचं बटण दाबलं, दिवे क्षणभर मिचकले, परत लागले. कारण ऑफ रिले फार लवकर सोडला. हीटरच्या पंख्यासारखी फिरती मोटर वीज गेल्यावरही काही क्षण जनित्र बनते आणि लाइनवर दाब टिकवते. ऑफ रिले सुटताच तोच दाब डायोडमधून कॉइलला मिळतो आणि रिले पुन्हा ओढला जातो. ठराविक वेळ धरून ठेवण्यापेक्षा ८७ चा दाब २ वोल्टखाली जाईपर्यंत ऑफ रिले धरून ठेवा. काही जुन्या गाड्यांत चार्जिंगच्या दिव्यातून अल्टरनेटरचा उलटा पुरवठाही येतो. तिथे त्या दिव्याच्या वायरीत एक डायोड लागतो.

चालत्या गाडीत बंद करण्यासाठी पुश बटण (लाल नव्हे) दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागेल असंच ठेवा, चुकून धक्का लागला तर इंजिन जाऊ नये. आणि ‘कार्ड दूर गेलं की इंजिन बंद’ हा पर्याय, कितीही हुशारीचा वाटला तरी, नको. कार्ड मागे बसलेल्याच्या खिशात गेलं, पाकीट सीटखाली पडलं, रीडरने एकदा चुकीचं वाचलं. कोणत्याही कारणाने चालती गाडी मध्येच मरता कामा नये. ओळख फक्त चालू करताना.

स्टार्टरची बाजू उलटी

बोर्ड मेला तरी इग्निशन टिकलं पाहिजे. बोर्ड मेला की स्टार्टर थांबलाच पाहिजे. त्यामुळे स्टार्टरला स्वतः धरणारी जोडणी कधीही नाही. त्याच्या रिलेची कॉइल चालवायला एन-चॅनेल लॉजिक लेव्हल मॉस्फेट (बोर्डाच्या पिनने थेट चालणारा ट्रान्झिस्टर), त्याच्या गेटला अर्थकडे १० किलोओम, म्हणजे पिन तरंगत असली तरी रिले सुटलेला.

बाजारातले निळ्या रिलेचे तयार मॉड्यूल स्टार्टरसाठी वापरू नका. त्यातली बहुतेक इनपुट खाली गेला की ओढणारी असतात. मॉड्यूलला वेगळीकडून ५ वोल्ट मिळत असतील आणि बोर्डाची वीज गेली, तर ऑप्टोकपलरमधला (मॉड्यूलच्या इनपुटवरच्या, प्रकाशाने सिग्नल देणाऱ्या भागातला) करंट मेलेल्या बोर्डाच्या पिनमधून वाट काढतो आणि रिले ओढला जातो. मेलेला बोर्ड स्टार्टर फिरवतोय, यापेक्षा वाईट काय असेल?

क्लच, न्यूट्रल किंवा गिअरच्या पार्कचा स्विच स्टार्टर रिलेच्या कॉइलच्या वायरीतच मालिकेत हवा. कोडमधली अट ही दुसरी कडी, पहिली तांब्याची. पाच सेकंदांवर सलग सेल नाही, आणि इंजिन चालू असल्याचं कळलं की नाहीच. अल्टरनेटर चार्ज करायला लागल्यावर दाब १३.२ च्या वर जातो, त्यावरून ओळखता येतं, पण थोडं उशिरा. आरपीएमचा सिग्नल मिळत असेल तर तो जास्त चांगला.

उरलेलं

पॉवर बँक लावूनही रिसेट होत असेल तर अर्थ पाहा. बोर्डाची अर्थ जवळच्या कुठल्या तरी बोल्टला लावलेली असते आणि त्याच वाटेने स्टार्टरचा करंट परत जात असतो. तिथे एक शतांश ओमचा गंज असेल तर १०० अँपिअरला १ वोल्टचा फरक. मीटरची एक कांडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल मारा. अर्ध्या वोल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी ती अर्थ घासून, नवा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून घट्ट करा. बोर्डाची अर्थ स्वतंत्र वायरीने बॅटरीच्या मायनसवर न्या.

आरसी५२२ ला ३.३ वोल्टच द्या. त्याच्या वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत आणि प्लगच्या वायरींजवळून तर नकोतच. मागे पत्रा असेल तर त्याची पल्ला मारण्याची ताकद जाते. मध्ये फेराइटचा पत्रा घाला.

नॅनो आणि सतत चालू रीडर मिळून ५० मिलिअँपिअर खातात असं धरलं तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. दुचाकीची ५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत अर्धी होते. अर्धी बॅटरी म्हणजे सेल मारताना अधिक खोल खड्डा, म्हणजे परत पहिल्या परिच्छेदातला बिघाड. रीडरला वीज फक्त बटण दाबल्यावर द्या आणि एरवी चिप झोपवा.

साध्या कार्डाचा नुसता क्रमांक वाचून दार उघडत असाल तर तो क्रमांक सहज नक्कल होतो, हे माहीत असू द्या. स्टिअरिंगचं यांत्रिक कुलूप आणि मूळ चावी काढून टाकू नका, आणि चालत्या गाडीत ते कुलूप पडण्याची शक्यता ज्या मांडणीत उरते ती मांडणी रस्त्यावर न्यायचीच नाही.

रस्त्यावर नेण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, इंधनपंपाचा फ्यूज काढलेला. आता सेल मारता मारता बोर्डाची वीज उपटा: स्टार्टर तत्क्षणी थांबला पाहिजे, डॅशबोर्डचे दिवे मात्र लागलेलेच राहिले पाहिजेत. वीज परत जोडा: काहीही आपोआप हलता कामा नये. लाल बटण दाबा: बोर्ड असो वा नसो, सगळं बंद. मग बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावा: इग्निशन बंदच राहिलं पाहिजे. हे सगळं थंड इंजिनवर, सकाळी, आणि बॅटरी मुद्दाम थोडी उतरवून करा. नंतर इंधनपंपाचा फ्यूज बसवून इंजिन अर्धा तास चालू ठेवा आणि इग्निशन रिलेच्या बुडाला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर दोष रिलेचा कमी, त्याच्या सॉकेटमधल्या सैल थिंबलचा (वायरीच्या टोकाच्या धातूच्या क्लिपचा) जास्त.